टाकळीच्या शंखांची कुळकथा

वैज्ञानिक पद्धत शिकवताना निरीक्षण, गृहीतक, प्रयोग, निष्कर्ष या पायऱ्या आपण मुलांकडून पाठ करून घेतो. त्यामुळे प्रयोग नाही तिथे विज्ञान नाही, अशी समजूत मनात घट्ट बसते. जीवाश्मांवरून खडकाचं वय ठरवण्याचं तंत्र नागपुरात कसोटीला लागलं ती हकीकत पाहिली, तर ही समजूत टिकत नाही. स्कॉटलंडचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये, भोसल्यांचं राज्य असतानाच, नागपुरात आले. १८४७ मध्ये रॉबर्ट हंटर त्यांना येऊन मिळाले. दोघांनी नागपूरच्या आसपासचे खडक पायी फिरून पाहिले. हा भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याचा. पण शहराच्या वायव्येला टाकळी इथे या काळ्या थरांच्या मधोमध गाळाचा एक पातळ पट्टा सापडतो आणि त्यात शंख असतात. त्यांतला एक शंख हातात घेऊन निमुळतं टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरलं, की तोंड डाव्या बाजूला येतं. बहुतेक गोगलगायींचं ते उजवीकडे असतं. हा ‘फायसा’ कुळातला, गोड्या आणि संथ पाण्यात राहणारा प्राणी. आजच्या नातलगांपेक्षा आकाराने बराच मोठा. एवढ्या एका वस्तूवरून केवढा तर्क उभा राहतो! जिथे फायसा जगला तिथे तळं होतं. तळं लाव्ह्याच्या थरांमध्ये सापडतं, म्हणजे सगळा लाव्हा एका दमात आलेला नाही; मध्ये पाणी साचावं, जीव वाढावेत, इतकी उसंत मिळाली होती.

यावर पहिला आक्षेप असा, की ही नुसती वेचावेच झाली, यात प्रयोग कुठे आहे? साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं तळं पुन्हा भरून पाहता येत नाही, हे खरं. पण तर्काला कसोटी लावता येते. तिथे तळं असेल, तर त्याच गाळात तळ्याकाठचे इतर जीवही मिळायला हवेत आणि समुद्री प्राणी मिळता कामा नयेत. नागपूरच्या गाळात वनस्पतींचे अवशेष मिळाले, कीटकांचेही मिळाले. ते कीटक हिस्लॉप यांनी स्वतःच्या अंदाजावर सोडले नाहीत. कीटकांचे अभ्यासक अँड्र्यू मरे यांनी त्यांचं वर्णन १८६० मध्ये प्रसिद्ध केलं. नागपूरच्या दक्षिणेला मांगली इथे मिळालेली उभयचर प्राण्याची कवटी शरीररचनेचे जाणकार रिचर्ड ओवेन यांच्याकडे गेली आणि १८५५ मध्ये तिचं नामकरण झालं. आपला पुरावा आपल्याहून जाणत्या माणसाच्या हाती तपासायला देणं, हे मला या कामाचं मर्म वाटतं. परीक्षानळी असो वा नसो, एवढं असलं की विज्ञान सुरू होतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: हिस्लॉप यांनी काढलेलं वय चुकलं. शंखांची तुलना इतर देशांतल्या जीवाश्मांशी करून त्यांनी हा गाळ तृतीयक युगातला, म्हणजे डायनोसॉरांच्या नंतरचा ठरवला. गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचं रूप फार सावकाश बदलतं, शिवाय त्या आपापल्या प्रदेशात अडकून राहतात. त्यांच्यावरून दूरदेशीच्या थराशी मेळ घालणं धोक्याचं असतं. पुढे १९३० च्या दशकात वनस्पती-जीवाश्मांचे अभ्यासक बिरबल साहनी यांनीही, छिंदवाड्याकडच्या मोहगावकलांसारख्या ठिकाणच्या वनस्पती पाहून, तृतीयकाच्याच बाजूने कौल दिला. मग १९८० च्या दशकात टाकळीच्या गाळात डायनोसॉरांच्या अंड्यांच्या कवचाचे तुकडे सापडले. लाव्ह्याचं किरणोत्सारी कालमापनही साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांच्या आसपास येऊन ठेपलं. टाकळीचा गाळ क्रिटेशस युगाच्या, म्हणजे डायनोसॉरांच्या काळाच्या, अखेरचा निघाला. पण राजमहेंद्रीच्या लाव्ह्यांमधला समुद्री गाळ, जो हिस्लॉप यांनी १८६० च्या आपल्या निबंधात टाकळीच्या जोडीला घेतला होता, तो मात्र नव्या अभ्यासात डायनोसॉर संपल्यानंतरच्या लगतच्या काळातला ठरला. म्हणजे दोन्ही गाळ एकाच युगाचे मानण्यात चूक होती. ती सापडली, कारण कोणता शंख कुठल्या गावच्या कोणत्या थरातला, याची नोंद होती. ‘मध्य भारतातले शंख’ एवढंच लिहिलेलं असतं, तर नव्या पुराव्याला भिडवायला काहीच उरलं नसतं.

हिस्लॉप ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळं पाहून परतताना नदीत बुडून वारले. त्याच वर्षी नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला, सुरू झालं. टाकळी आता वस्तीखाली गेली आहे, पण रस्त्याच्या किंवा विहिरीच्या कामात विदर्भात कुठेही काळ्या दगडात फिकट गाळाचा पट्टा उघडा पडू शकतो. विज्ञानाच्या शिक्षकांनी मुलांना तो अवश्य दाखवावा. मात्र शंख उचलण्याआधी गाव, थर आणि तारीख वहीत लिहून घ्यायला लावावं.