पंच्याहत्तर रुपये आणि वीस वर्षं

माधवनगर हे एके काळचं गिरणीचं गाव. त्याला खेटून बुधगाव, म्हणजे धाकट्या मिरज संस्थानची राजधानी. एका अंगाला सांगलीचे पटवर्धन, थोडं पुढे गेलं की थोरल्या पातीची मिरज. चार घटकांच्या वाटेवर तीन गाद्या नांदत होत्या, पण पदवीपर्यंत शिकवणारं कॉलेज या टापूत नव्हतं. मॅट्रिक झालेल्या हुशार मुलाने ट्रंक उचलायची आणि कोल्हापूरची नाही तर पुण्याची वाट धरायची, असाच रिवाज होता.

१९१९ साली सांगली आणि मिरजेच्या मधल्या विश्रामबागेत विलिंग्डन कॉलेज सुरू झालं आणि माधवनगरच्या पोराला घरची भाकरी खाऊन बी. ए. होण्याची सोय झाली. कॉलेजला नाव गव्हर्नरचं मिळालं, पाठबळ संस्थानिकांचं लाभलं. मात्र ते चालवलं पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीने, आणि सोसायटीची खरी पुंजी तिजोरीत नव्हती. आपल्या काळातल्या सर्वांत हुशार तरुणांना महिना ७५ रुपयांवर वीस वर्षं धरून ठेवण्याची विद्या तिला साधली होती, ती तिची पुंजी. ही विद्या कुठून आली, ती कुठे फळली आणि कुठे साफ फसली, ही गोष्ट साताऱ्या-सांगलीच्या मातीत बरीच खोल गेलेली आहे.

सुरुवात दक्षिणेपासून करावी लागते. तळेगावच्या दाभाड्यांनी श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची प्रथा पाडली, पेशव्यांनी ती पुण्याला नेऊन वाढवली. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने दक्षिणेच्या पैशातून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. १८४९ मध्ये पुण्यातल्या सुधारकांनी अर्ज केला की या पैशातून मराठी ग्रंथ लिहिणाऱ्यांनाही बक्षीस मिळावं. शहरात मोठा गहजब झाला आणि सुधारकांच्या संरक्षणाला जोतीराव फुले माणसं घेऊन उभे राहिले. मुंबई विद्यापीठ निघाल्यावर याच निधीतून ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊ लागले. पहिल्या प्रतीच्या पदवीधराला कॉलेजातच ठेवायचं, पुढचा अभ्यास करू द्यायचा, खालच्या वर्गांना शिकवायला लावायचं आणि त्याबद्दल दरमहा वेतन द्यायचं, अशी ती योजना. हुशार मुलगा मामलेदार कचेरीत जाऊ नये म्हणून विद्यापीठाने त्याला दिलेली ही पहिली ओढ.

कोल्हापुरात वाढलेले महादेव गोविंद रानडे या पद्धतीचं पहिलं ठळक फळ. १८५९ ची विद्यापीठाची पहिली मॅट्रिक ते पास झाले तेव्हा सतरा वर्षांचे होते. विद्यार्थी म्हणून शिष्यवृत्ती, मग धाकटे फेलो म्हणून महिना ६० रुपये, थोरले फेलो म्हणून १२०. या पैशावर त्यांनी एल्फिन्स्टन कॉलेजच्या ग्रंथालयात डोळे दुखेपर्यंत वाचलं. पण देणारा हात आवळूही शकतो, हेही त्यांना तिथेच कळलं. एका निबंधात त्यांनी मराठ्यांच्या राज्याशी तुलना करून इंग्रजी अंमलाला कमी लेखलं आणि प्रिन्सिपॉल सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद केली. रानडे पुढे न्यायखात्यात गेले. पैसा आणि ग्रंथालय दोन्ही असूनही कॉलेजला त्यांना धरता आलं नाही, कारण जे कॉलेज ते घडवू पाहत होते ते त्यांच्या हातात नव्हतं.

पुढची पिढी नेमकी या जागी वेगळी निघाली.

कराडजवळ कृष्णेच्या काठी टेंभू आहे. आज सांगलीच्या पूर्वेकडच्या दुष्काळी तालुक्यांत टेंभू म्हटलं की उपसा योजनेचं पाणी आठवतं. त्याच गावात १८५६ साली गोपाळ गणेश आगरकर जन्मले. घरात काही नाही. पोरगा शिकण्यासाठी रत्नागिरीला गेला, तिथे जमेना म्हणून परत आला, कराडच्या कचेरीत उमेदवारी केली आणि अखेर अकोल्याला नातलगांच्या आधाराने मॅट्रिक झाला. डेक्कन कॉलेजात असताना अंगात घालायला एकच सदरा होता. रात्री तो धुऊन वाळत टाकायचा आणि सकाळी तोच चढवून वर्गात बसायचं. अशा मुलाने एम. ए. झाल्यावर मोठ्या पगाराची सरकारी नोकरी धरली असती तर त्याला कुणी नाव ठेवलं नसतं. आगरकरांनी आईला पत्र लिहून आधीच सांगून टाकलं, की मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, पोटापुरतं मिळवून उरलेला वेळ लोकांसाठी घालवणार आहे.

चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल काढलं होतं. आगरकर त्यांना येऊन मिळाले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली, १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज. सोसायटीने आजीव सभासदाची पद्धत बसवली. वीस वर्षं संस्थेला द्यायची, पगार ७५ रुपये. मोबदला म्हणून सभासदाला संस्थेच्या कारभारात मत होतं. तो चाकर नव्हता, मालकांपैकी एक होता. रानड्यांना सरकारी कॉलेजात जे कधीच मिळालं नसतं ते इथे पंचविशीतल्या पोराला मिळत होतं.

याच घडणीत गोपाळ कृष्ण गोखले आले. वडील वारल्यावर थोरल्या भावाने, गोविंदरावांनी, शाळा सोडून १५ रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले ८ रुपये तो धाकट्याला पाठवायचा. पंधराव्या वर्षी मॅट्रिक, अठराव्या वर्षी, १८८४ मध्ये, बी. ए. शेवटच्या वर्षी एल्फिन्स्टनने २० रुपयांची शिष्यवृत्ती दिली. आज ज्या वयात मुलं बारावीचा निकाल हातात घेऊन सीईटीच्या रांगेत उभी असतात, त्या वयात हा पदवीधर होता. आणि पुढच्याच वर्षी तो शिकवायला लागला. घरच्यांना वाटत होतं गोपाळने वकिली करावी, कर्ज फेडावं. भावाने पुन्हा एकदा मन मोठं केलं. शिष्यवृत्त्यांच्या इतिहासात देणगीदारांची नावं संगमरवरात असतात. गोविंदरावांच्या आठ रुपयांचा दगड कुठेच नाही, म्हणून इथे तो मुद्दाम लिहिला पाहिजे.

ही पद्धत भांडणाशिवाय चालली असं मुळीच नाही. सभासदाने बाहेर कमाई करावी का, बाहेरचं काम अंगावर घ्यावं का, यावरून वर्षानुवर्षं वाद पेटला. टिळकांचं म्हणणं कडक होतं: संस्थेला वाहून घेतलं म्हणजे सगळा वेळ संस्थेचा. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेतलं तेव्हा ठिणगी पडली आणि १८९० मध्ये टिळक राजीनामा देऊन बाहेर पडले. त्यांची बाजू नुसती हट्टाची नव्हती. पगार थोडा आणि त्याग सारखा, या दोनच खांबांवर ते घर उभं होतं. एकाने थोडं जास्त मिळवलं की दुसऱ्याचा त्याग मूर्खपणा ठरू लागतो. पण घरात आजारपण असलेल्या, पोरं वाढवणाऱ्या माणसाला ७५ रुपयांत महिना काढायला सांगणं किती दिवस न्यायाचं, हा दुसऱ्या बाजूचा प्रश्नही तितकाच खरा होता. आगरकर १८९५ मध्ये, चाळिशीच्या आत, दम्याने गेले. आपल्या अंत्यविधीपुरते पैसे त्यांनी पुरचुंडीत बांधून उशाशी ठेवले होते, असं सांगतात. फर्ग्युसनचा प्राचार्य होता तो माणूस.

तरीही नवी मुलं येत राहिली. दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ परांजपे सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले आणि १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झाले. तो मान मिळवणारे पहिले भारतीय. सेंट जॉन्स कॉलेजची फेलोशिप मिळाली, हिंदुस्थानातली कोणतीही मोठी जागा हात पसरून उभी होती. निघण्यापूर्वी त्यांनी फर्ग्युसनला शब्द दिला होता. तो पाळून ते परतले आणि १९०२ मध्ये प्राचार्य झाले. त्याच वर्षी गोखले ३० रुपयांच्या पेन्शनीवर संस्थेतून निवृत्त झाले. साताऱ्यात १८९८ साली जन्मलेले गणेश सखाराम महाजनी हेही त्याच वाटेने गेले: फर्ग्युसन, केंब्रिज, तिथलं स्मिथ पारितोषिक आणि परत फर्ग्युसन, १९२९ पासून प्राचार्य म्हणून.

विश्रामबागेतल्या कॉलेजला लाभलं ते हे वारं. प्रवासवर्णनांमुळे मराठी वाचकाला ठाऊक असलेले गो. चि. भाटे विलिंग्डनचे प्राचार्य होते. ऑक्सफर्डहून १९३८ मध्ये परतलेले कन्नड कवी वि. कृ. गोकाक इथेच प्राचार्य झाले; पुढे त्यांना ज्ञानपीठ मिळालं. सांगलीसारख्या ठिकाणी अशी माणसं पगारासाठी येत नव्हती.

याच काळात दुसरीकडे एका मुलाला पैशाने बांधण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न झाला आणि मोडला. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात भीमराव आंबेडकर इंग्रजी पहिलीत दाखल झाले. तेच आजचं प्रतापसिंह हायस्कूल, आणि तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. कुटुंब मुंबईला गेलं, १९०७ मध्ये मॅट्रिक झाली, आणि कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींच्या शब्दावरून सयाजीराव गायकवाडांनी कॉलेजसाठी महिना २५ रुपये दिले. १९१३ मध्ये बडोद्याने त्यांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. अट अशी की परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी. करारावर सही झाली. त्या काळातली ती उदार शिष्यवृत्ती होती आणि सयाजीरावांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचं कारण नाही.

१९१७ च्या सप्टेंबरात आंबेडकर करार पाळायला बडोद्यात उतरले. शहरात त्यांना कुणी खोली देईना. नाव लपवून पारशी धर्मशाळेत राहिले; कचेरीत शिपाई कागद लांबून फेकत. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दाराशी आला आणि त्यांना संध्याकाळच्या आत जागा सोडावी लागली. एका झाडाखाली बसून त्यांनी तो दिवस काढला. दहा वर्षांचा करार संपला होता तो फीच्या किंवा पगाराच्या आकड्यावरून नाही. एका खोलीवरून.

हुशार मुलांना वयाआधी विद्यापीठात घेण्याचे पद्धतशीर प्रयोग जगात नंतर झाले, आणि तिथेही खोलीचा प्रश्न सुटलेला दिसत नाही. सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाने १९७७ मध्ये पंधरा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश द्यायला सुरुवात केली. थोड्याच वर्षांत त्यांच्या ध्यानात आलं की मुलांना आधी एक वर्ष तयारीची शाळा आणि एकत्र बसायला हक्काची जागा हवी. चीनमध्ये १९७८ ला विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठात एकवीस मुलांचा ‘कुमार वर्ग’ निघाला. त्यातला सर्वांत गाजलेला तेरा वर्षांचा निंग बो पुढे भिक्षू झाला. आपल्याकडे १९६३ पासून राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा आणि १९९९ पासून किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना होती. पैसे मिळत होते, वयाचं आणि दाखल्याचं कुंपण मात्र तसंच राहिलं. सातवीनंतर शाळा सोडून घरी शिकलेल्या मुंबईच्या मालविका जोशीने संगणक ऑलिम्पियाडमध्ये तीन पदकं मिळवली, पण बारावीचा दाखला नाही म्हणून आयआयटीचं दार बंद. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटने तिला एम. एस्सी.च्या पातळीवर बसवून घेतलं आणि २०१६ मध्ये सतराव्या वर्षी ती अमेरिकेतल्या एमआयटीत गेली.

खोलीचा प्रश्न आधी ओळखला तो ज्या माणसाची स्वतःची मॅट्रिकही झाली नव्हती त्याने. ऐतवडे बुद्रुकच्या भाऊराव पाटलांनी सांगलीजवळच्या दुधगावात १९१० च्या सुमारास मित्रांना घेऊन विद्यार्थ्यांचा आश्रम काढला. १९१९ मध्ये, विलिंग्डन निघालं त्याच वर्षी, कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था निघाली. १९२४ ला साताऱ्यात वसतिगृह, आणि १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं ‘छत्रपती शाहू बोर्डिंग’ असं नामकरण. महार, मांग, मराठा, जैन, मुसलमान, ब्राह्मण, सगळी मुलं एका चुलीवर रांधायची आणि एका पंगतीत बसायची. पीठ सरलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी गळ्यातलं मंगळसूत्र गहाण टाकून पोरांच्या ताटात भाकरी घातली. गावोगावच्या बायकांनी दळणातलं मूठभर धान्य बाजूला काढून ठेवलं, त्याला मुष्टिफंड म्हणत.

१९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं ते ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. मुलगा सकाळी शेतावर नाही तर बांधकामावर राबायचा, दुपारी वर्गात बसायचा, आणि फीपायी कुणापुढे मान खाली घालायचा नाही. कुदळ त्याची, भिंत त्याची, म्हणून कॉलेजही त्याचं. फर्ग्युसनच्या सभासदाला मताने जे मिळालं ते इथे खेड्यातल्या पोराला घामाने मिळत होतं. स्वातंत्र्यानंतर लगेच खेर सरकारने रयतचं अनुदान थांबवलं तेव्हा ही गोष्ट उपयोगी पडली: लोकांनी पदरमोड केली, गाडगेबाबांनी मुख्यमंत्र्यांकडे शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झालं. पुढे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठानेही कमवा आणि शिका आपल्या आवारात नेलं. साताऱ्या-सांगलीकडची कितीतरी मुलं तिथे कामाचे तास भरून एम. ए., एम. एस्सी. झाली.

शाहू बोर्डिंगात वाढलेले पी. जी. पाटील विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले. हायकोर्ट मुंबईत होतं, वकिली तिथे होती. ते साताऱ्याला परतले, रयतच्या कॉलेजात शिकवू लागले, तिथेच प्राचार्य झाले, आणि मग शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू.