नाईक हे नाव

पुसदेस प्रथमच येणाऱ्या पाहुण्याच्या कानी एक नाव वारंवार पडते. येथील महाविद्यालय फुलसिंग नाईक ह्यांच्या नावाचे, 1983 साली निघालेले अभियांत्रिकी महाविद्यालय बाबासाहेब नाईक ह्यांच्या नावाचे, आणि ज्या दोन गृहस्थांनी महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद भूषविले ते वसंतराव व सुधाकरराव हेही नाईकच. तेव्हा नाईक हे ह्या भागातील एखादे पुरातन कूळ असावे, असा त्या पाहुण्याचा समज झाल्यास नवल नाही. परंतु हा समज खरा नव्हे. आणि तो का खरा नव्हे हे सांगण्यासाठीच ह्या महोत्सवी पुस्तकातील चार पाने आम्ही मागून घेतली आहेत.

बाप्तिस्म्याच्या वहीत नावे लिहिणे हे आम्हां पुरोहितांचे नित्याचे काम. आपल्या देशात "आडनाव काय?" हा प्रश्न वरवर साधा दिसतो, पण विचारणाऱ्याच्या मनात बहुधा दुसराच प्रश्न असतो, तो म्हणजे जात कोणती, हा. पुष्कळ आडनावे ह्या छुप्या प्रश्नाचे उत्तर मुकाट्याने देऊन टाकतात. नाईक हे नाव ते देत नाही. आम्हांस ह्या नावाविषयी कुतूहल वाटू लागले ते ह्याच कारणास्तव.

मूळ शब्द संस्कृत नायक. पुढे नेणारा तो नायक. म्हणजे हे प्रथम आडनाव नव्हतेच, तो हुद्दा होता. सैन्यात तो अद्याप हुद्दाच आहे. 1944 च्या जुलै महिन्यात इटलीच्या रणभूमीवर धारातीर्थी पडून व्हिक्टोरिया क्रॉसचा मान मिळविणारे कुलाबा जिल्ह्यातील यशवंत घाडगे हे मराठा पलटणीत नाईक होते. आडनाव घाडगे, पदवी नाईक. इतरत्र मात्र ही पदवी घराला चिकटली आणि मूळचे आडनाव मागे पडले.

आमच्या तालुक्यातील गहुली ह्या गावाचेच पाहा. हा बंजाऱ्यांचा तांडा. आगगाडी येण्यापूर्वी बैलांच्या पाठीवर मीठ व धान्य लादून देशभर नेण्याचा ह्या लोकांचा व्यापार असे. हजारो बैलांचा काफिला कोणत्या वाटेने न्यावा, पाण्यावर कोठे उतरावे, आपसांतील तंटा कसा मिटवावा, हे ठरविणारा तो तांड्याचा नाईक. त्याच्या हाताखाली कारभारी. तांड्यास नावही बहुधा नाइकाचेच पडे. रेल्वेने तो व्यापार बुडविला आणि तांडे जागोजाग स्थिरावून शेतीस लागले. गहुलीच्या ह्या घराण्याचे मूळ आडनाव राठोड; नाईकपणामुळे ते नाईक झाले. फुलसिंग नाइकांच्या पोटी 1 जुलै 1913 रोजी वसंतरावांचा जन्म झाला.

आता पुणे प्रांताकडे वळू. पुरंदर तालुक्यातील भिवडीचे उमाजी नाईक हे रामोशी समाजातले, मूळचे खोमणे. गडकिल्ल्यांची व गावांची राखण करणे हे ह्या समाजाचे वतनी काम. इंग्रजी अंमलात ते हातचे गेले आणि उमाजींनी बंड उभारले. 3 फेब्रुवारी 1832 रोजी पुण्यास त्यांना फाशी देण्यात आले. सरकारदरबारी ते दरोडेखोर होते. परंतु त्यांच्या पाठलागावर असलेल्या कॅप्टन मॅकिंटॉश ह्याने दुसऱ्याच वर्षी रामोशांविषयी एक सबंध ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्याला चोर म्हणून लटकावले त्याच्या लोकांवर ग्रंथ लिहावासा वाटावा, ह्यातच पुष्कळ काही आले.

बारामतीचे बाबूजी नाईक ह्यांची गोष्ट आणखी निराळी. हे जातीने ब्राह्मण, आडनाव जोशी, व्यवसाय सावकारीचा. पेशव्यांच्या घराण्याशी त्यांची सोयरीक होती. थोरल्या बाजीरावांची बहीण भिऊबाई बाबूजींचे बंधू आबाजी ह्यांस दिली होती. तरीही 1740 साली बाजीराव निवर्तल्यावर पेशवाईची वस्त्रे बाबूजींस मिळावीत म्हणून रघूजी भोसल्यांनी खटपट केली. ती फसली. आज बाबूजींची आठवण राहिली आहे ती ह्या राजकारणामुळे नव्हे, तर कवी मोरोपंतांस त्यांनी आश्रय दिला म्हणून. आमच्या मते सावकाराच्या पैशाचा ह्याहून चांगला विनियोग क्वचितच झाला असेल.

लमाण, रामोशी, ब्राह्मण: तिघांच्या रक्ताचा परस्परांशी संबंध नाही, आणि तिघेही नाईक. गोमंतकात तर हे नाव आमच्याच धर्मबंधूंच्या पूर्वजांपाशीही होते. सोळाव्या शतकात बाप्तिस्मा घेणाऱ्यांनी प्रभू, कामत, नाईक ही नावे ठेवून देऊन पोर्तुगीज नावे धारण केली. मंगळूरच्या काही ख्रिस्ती कुटुंबांना आपले ते जुने नाव अजून ठाऊक असते.

नाव असे सोडता येते, तसे घेताही येते. शिक्षणशास्त्रज्ञ जयंत पांडुरंग नाईक हे त्याचे उदाहरण. 1907 साली कोल्हापूरकडील बहिरेवाडीस जन्मलेल्या ह्या गृहस्थांचे मूळ नाव विठ्ठल हरी घोटगे. जगाने त्यांना जे. पी. नाईक म्हणूनच ओळखले. 1948 साली त्यांनी भारतीय शिक्षणसंस्था स्थापिली. 1964 ते 1966 ह्या काळात कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव होते. समता, गुणवत्ता व संख्या ह्या तिन्ही गोष्टी आपल्या शिक्षणात एकाच वेळी साधत नाहीत, एक धरावी तो दुसरी सुटते, हे त्यांनी 1975 च्या आपल्या पुस्तकात मांडले. ज्याने खेड्यातील शाळा चालविली आहे त्यास ह्या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. त्यांच्या पत्नी डॉ. चित्रा नाईक ह्यांनी प्रौढशिक्षणासाठी आयुष्य वेचले व पुढे त्या नियोजन आयोगाच्या सदस्य झाल्या. पतीने हे नाव स्वेच्छेने घेतलेले, पत्नीस ते विवाहाने आलेले. आणि शिक्षणाच्या इतिहासात ते दोघांच्याही कामाने राहिले.

विद्येच्या क्षेत्रातील आणखी दोन नाईक येथे सांगितले पाहिजेत. बापूराव नाईक ह्यांनी देवनागरी मुद्राक्षरांचा तीन खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो भाषा संचालनालयाने 1971 साली काढला. वाचक हे पान वाचतो आहे ती अक्षरे कशी घडली, खिळ्यांत कशी बसविली गेली, ह्याचा इतका बारीक विचार थोड्यांनीच केला असेल. मुंबई विद्यापीठातील इतिहासकार जे. व्ही. नाईक ह्यांनी दुसराच शोध लावला. 1841 साली मुंबईच्या एका इंग्रजी वृत्तपत्रात 'एक हिंदू' ह्या सहीने इंग्रजी राज्यावर तिखट पत्रे आली होती. ती लिहिणारे भास्कर पांडुरंग तर्खडकर ह्यांचा विचार दादाभाई नवरोजींच्या कितीतरी आधीचा आहे, हे त्यांनी दाखवून दिले. ज्याने आपले नाव झाकले त्याचे नाव असे दुसऱ्याने उजेडात आणले.

आता पुन्हा आमच्या गावाकडे. 1871 साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. माणूस अमुक जातीत जन्मला एवढ्यावरून तो गुन्हेगार! हा कायदा 1952 त रद्द झाला. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आज बंजारा व रामोशी ही दोन्ही नावे आहेत. वाचकांनी हे ध्यानी ठेवून पुढची तारीख पाहावी: 5 डिसेंबर 1963. त्या दिवशी गहुलीच्या तांड्यातील नाइकांचे चिरंजीव, नागपुरास कायदा शिकून पुसदेस वकिली केलेले आणि येथील नगरपालिकेचे अध्यक्ष राहिलेले, राज्याचे मुख्यमंत्री झाले. 20 फेब्रुवारी 1975 पर्यंत, म्हणजे अकरा वर्षांहून अधिक काळ, ते त्या पदावर होते.

त्यांच्या कारकिर्दीत राहुरी, अकोला, परभणी व दापोली अशी चार कृषिविद्यापीठे झाली. संकरित बियाणे शेतकऱ्यांच्या हाती पडले. 1972 चा दुष्काळही त्यांच्याच काळातला. मागेल त्यास काम देण्याची रोजगार हमी योजना, जिचे जनक वि. स. पागे, त्या संकटात उभी राहिली. दुष्काळात लोकांनी खडी फोडली हे खरे, आणि ती फोडताना हालही झाले हे तितकेच खरे. परंतु जुन्या दुष्काळांतल्याप्रमाणे माणसे किड्यामुंग्यांसारखी मेली नाहीत. तांडा पाण्यावर उतरविणे हे नाइकाचे पहिले काम असे आम्ही वर म्हटले, त्याची येथे आठवण होते.

एक गोष्ट मात्र आम्हांस स्पष्टपणे म्हणावीशी वाटते. 1952 पासून पुसदची विधानसभेची जागा बहुतेक वेळा ह्याच घराण्याकडे राहिली आहे. तांड्यातही नाईकपण बापाकडून मुलाकडे येई. पण तेथे नाइकास पंचांपुढे बसावे लागे आणि शेजारी ज्याच्या झोपडीत चूल पेटली नाही तो नाइकाच्या दारी येऊन जाब विचारू शके. तो रिवाज नावाबरोबर आला की नाही, ह्याचा निवाडा मतदारांनीच करावयाचा.

वसंतराव 18 ऑगस्ट 1979 रोजी सिंगापूर येथे निवर्तले. त्यांचे पुतणे सुधाकरराव 1991 ते 1993 मुख्यमंत्री होते. पाणी अडविण्याच्या कामास त्यांनी स्वतंत्र खाते करून दिले. ते 10 मे 2001 रोजी वारले, आणि तो दिवस जलसंधारण दिन म्हणून पाळतात. वसंतरावांचा जन्मदिवस, 1 जुलै, हा कृषिदिन. एकाचा मृत्युदिन कडक उन्हाळ्यात येतो, दुसऱ्याचा जन्मदिन पेरणीच्या दिवसांत. आणि आमच्या पूस नदीला पाणी येते ते ह्या दोन तारखांच्या मध्ये केव्हातरी.