पर्जन्यजलवाहिन्या आणि डासांची पैदास

शहरातील पावसाचे पाणी नदी, खाडी किंवा समुद्रापर्यंत नेणारी गटारे, चेंबर, मोऱ्या आणि नाले यांत पाणी साचून राहिले की तेथे डासांची उत्पत्ती होते. जोराच्या प्रवाहात अळी टिकत नाही. त्यामुळे किती पाणी वाहून जाते यापेक्षा पाऊस थांबल्यावर किती दिवस साचून राहते, यावर धोका ठरतो. उष्ण हवेत अंड्यापासून डास तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. अमेरिकेत अनेक ठिकाणी अशा रचना पावसानंतर साधारण ७२ तासांत रिकाम्या व्हाव्यात, असा दंडक आहे तो यासाठीच.

दोष बहुधा बांधणीतच असतो. रस्त्याकडेच्या जाळीखालील चेंबरचा तळ गाळ अडावा म्हणून पुष्कळदा नळाच्या तोंडापेक्षा मुद्दाम खोल ठेवतात. तेवढे पाणी पाऊस गेल्यावरही तिथेच राहते. उतार चुकणे, नळ खचणे, प्लॅस्टिक आणि राडारोडा अडकणे ही नेहमीची भर. मुंबईत बहुतेक पातमुखे, म्हणजे वाहिन्यांची समुद्राकडे उघडणारी तोंडे, भरतीच्या पातळीखाली आहेत. भरतीला पाणी मागे तुंबते आणि गाळ वाहिनीतच बसतो.

गटारांतला मुख्य डास क्युलेक्स क्विंकिफॅसिएटस. भारतात हत्तीरोगाचा प्रसार मुख्यतः तोच करतो. त्याला मैल्याचे कुजके पाणी मानवते. मादी शंभरावर अंडी एकमेकांना चिकटवून पाण्यावर तरंगती ठेवते. चेंबरचे झाकण उचलले की पृष्ठभागाशी डोके खाली करून तिरक्या लोंबणाऱ्या अळ्या दिसतात. सावली पडताच त्या वळवळत तळाला जातात. सांडपाणी सोडल्यामुळे आपल्याकडची पावसाळी गटारे बारमाही झाली आहेत, आणि खरे दुखणे हेच आहे. मुसळधार पावसात अळ्या धुऊन जातात; प्रवाह मंदावला की क्युलेक्स वाढतो. पुण्यात मुळा-मुठेच्या काठी डासांची ओरड फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, त्यात जलपर्णीचाही वाटा असतो.

डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती घरातल्या स्वच्छ साठवणीचा डास समजला जातो. तरी ब्राझीलमधील साल्वादोर शहरात पावसाळी गटारांतही त्याच्या अळ्या सापडल्या आहेत. त्याची अंडी कोरड्यात कित्येक महिने तग धरतात, म्हणून चेंबर एकदा सुकले एवढ्याने भागत नाही. शहरी हिवतापाचा अ‍ॅनोफिलिस स्टीफेन्साय मात्र मुख्यतः विहिरी आणि टाक्यांतला. हिवतापाचे अभ्यासक बेंटली यांनी १९११च्या अहवालात मुंबईच्या हिवतापाचा संबंध विहिरींशी जोडला होता.

उपायांत अळीनाशक फवारणी, गप्पी मासे आणि १९७६मध्ये इस्रायलमधील नेगेव्ह वाळवंटात सापडलेला बीटीआय हा जिवाणू येतो. पाण्यावर तेलाचा तवंग पसरला की अळीची श्वसननलिका हवेपर्यंत पोचत नाही. मात्र दाट गाळ-कचऱ्यात औषध सर्वत्र पोचत नाही आणि मासेही फिरकत नाहीत. उतार सुधारणे, खोल तळाची चेंबर वेळोवेळी उपसणे आणि मैलापाणी वेगळे काढणे हेच टिकाऊ उपाय आहेत. महापालिकांची नालेसफाई पावसाळ्याच्या तोंडावर, पूर टाळण्यासाठी होते; क्युलेक्सला आवर घालायचा तर गाळ पावसाळा संपल्यावरही काढावा लागतो.