शब्दवेध : अगापे

बायबलच्या नव्या करारात प्रेमासाठी जो ग्रीक शब्द सर्वाधिक रुजला, तो ‘अगापे’. त्याचं क्रियापद होमरमध्येही भेटतं. नाम मात्र हिब्रू धर्मग्रंथांच्या ग्रीक भाषांतरातून पुढे आलं आणि प्रेषित पौलाने त्याचं सोनं केलं. करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला त्याने इ. स. ५५च्या सुमारास लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय आज लग्नात हमखास वाचतात. लिहिला मात्र तो भांडणाऱ्या माणसांसाठी! दोनच अध्याय आधी पौल त्यांना फैलावर घेतो: प्रभुभोजनाला जमता, पण कोणी आधीच जेवून-पिऊन तर्र, तर कोणी उपाशी, एकमेकांसाठी थांबा. पुढे मंडळीच्या अशा सहभोजनालाच ‘अगापे’ म्हणू लागले, हे मला फार मोलाचं वाटतं.

प्रेम टिकतं हे सांगताना पौल ‘पडणे’ या अर्थाचं साधं क्रियापद वापरतो. संदेश सरतील, ज्ञानही सरेल. प्रेम पडणार नाही.

लॅटिनमध्ये या अध्यायात ‘कारितास’ आला. त्याच्या मुळाशी ‘कारुस’, म्हणजे जिवलग आणि महागही. त्यातूनच इंग्रजीतला ‘चॅरिटी’ निघाला. विल्यम टिंडेलने १५२६मध्ये आपल्या इंग्रजी भाषांतरात तो बाजूला सारून ‘लव्ह’ लिहिलं, तेव्हा कॅथलिक विचारवंत थॉमस मोर त्याच्यावर तुटून पडला. १६११च्या इंग्रजी भाषांतरात तिथे पुन्हा ‘चॅरिटी’ आला. मराठी बायबलने ‘प्रीती’ निवडला. त्यातला ‘प्री’ धातू संतुष्ट करण्याचा.