थ्रेड : मंदी एक, राज्ये दोन

१/ अमेरिकेत घरांच्या कर्जांतून उद्भवलेली मंदी डिसेंबर २००७ मध्ये सुरू झाली आणि अधिकृत नोंदीनुसार जून २००९ मध्ये संपली. बेरोजगारी मात्र त्यानंतर, ऑक्टोबरमध्ये, १० टक्क्यांवर पोहोचली. मंदी संपणे म्हणजे घसरण थांबणे. गमावलेले परत मिळणे नव्हे.

२/ ही राष्ट्रीय सरासरीही फसवी होती. नेवाडात बेरोजगारी १३ टक्क्यांपुढे गेली; टेक्सासमध्ये ती ९ टक्क्यांच्या आत राहिली. असे का?

३/ लास व्हेगासचे अर्थकारण पर्यटन आणि घरबांधणीवर उभे होते. भाव चढत होते तोवर घर तारण ठेवून नवे कर्ज मिळे. भाव कोसळले आणि कर्ज घराच्या किमतीहून मोठे ठरले. अनेक बांधकाम कामगारांचे काम आणि घर एकदमच गेले.

४/ टेक्सासची कथा १८३९ पासून सुरू होते. १८३७ च्या आर्थिक संकटानंतर तत्कालीन टेक्सास प्रजासत्ताकाने सर्वसाधारण कर्जवसुलीसाठी राहते घर जप्त करण्यास मनाई केली. घर तारण ठेवून इतर खर्चासाठी कर्ज काढण्याची मुभा थेट १९९७ च्या घटनादुरुस्तीने मिळाली. तीही एकूण कर्ज घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांच्या आत ठेवून.

५/ केवळ कायद्याने टेक्सास तरले नाही. मुबलक जमीन आणि तेलउद्योगाचाही त्यात वाटा होता. पण कर्जाचा फुगा तेथे तितका फुगलाच नाही.

६/ देशातील नोकऱ्यांची संख्या २०१४ मध्ये पूर्वपदावर आली. नेवाडाला आणखी वाट पाहावी लागली. म्हणून ‘देश सावरला’ असे वाचताना विचारावे : कोणता प्रदेश, आणि कोणाचे घर?