नरक्या आणि कॅम्प्टोथेसिन : एका वनस्पतिजन्य अल्कलॉइडचा इतिहास

प्रस्तावना :
सह्याद्रीच्या सदाहरित वनांत ‘नरक्या’ नावाचा लहान वृक्ष आढळतो. त्याच्या फुलांना दुर्गंधी येते. ‘मॅपिया फेटिडा’ या त्याच्या जुन्या शास्त्रीय नावातही या दुर्गंधीचाच निर्देश आहे. आज तो ‘नॉथापोडायटिस निम्मोनियाना’ या नावाने ओळखला जातो. या वृक्षात कर्करोगावरील औषधांचे मूळद्रव्य असलेले कॅम्प्टोथेसिन हे अल्कलॉइड आहे. या अल्कलॉइडच्या इतिहासातील महाराष्ट्राचे स्थान तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

शोध आणि रासायनिक गुणधर्म :
डॉ. मनसुख वाणी यांचा जन्म 1925 साली तत्कालीन पश्चिम खानदेशातील नंदुरबार येथे झाला. मुंबई विद्यापीठातील शिक्षणानंतर ते अमेरिकेस गेले आणि 1962 पासून नॉर्थ कॅरोलायनातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. मन्रो वॉल यांचे सहकारी झाले. एका चिनी वृक्षापासून वेगळ्या केलेल्या कॅम्प्टोथेसिनची रचना या गटाने 1966 साली प्रसिद्ध केली. पुढे टॅक्सॉलच्या शोधातही हीच जोडी होती. वाणी यांचे 2020 साली निधन झाले.

कॅम्प्टोथेसिनच्या रेणूत पाच वलये असून त्याचे सूत्र C₂₀H₁₆N₂O₄ आहे. अल्कलॉइड असूनही त्याचा क्षारधर्म अतिशय क्षीण असून ते पाण्यात जवळजवळ अविद्राव्य आहे. ही अडचण टाळण्यासाठी 1970 च्या सुमारास त्याचे सोडियम लवण रुग्णांवर वापरून पाहण्यात आले. परंतु लवण तयार होताना लॅक्टोन वलय उघडते आणि परिणामकारकता घटते. तीव्र दुष्परिणामांमुळे त्या चाचण्या थांबल्या. टोपोआयसोमरेझ–1 या विकरावर हे द्रव्य कार्य करते, असे 1985 साली स्पष्ट झाले आणि संशोधनास पुन्हा गती मिळाली. 1996 साली टोपोटिकॅन (अंडाशयाचा कर्करोग) आणि इरिनोटिकॅन (मोठ्या आतड्याचा कर्करोग) या त्याच्या साधितांना अमेरिकेत मान्यता मिळाली.

गोरेगाव ते सह्याद्री :
मुंबईतील गोरेगाव येथील सिबा संशोधन केंद्रात टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी 1972 साली नरक्यातही हे अल्कलॉइड असल्याचे दाखविले. चिनी वृक्षाच्या तुलनेत नरक्याच्या लाकडातील त्याचे प्रमाण बरेच अधिक भरले. वैज्ञानिकदृष्ट्या ही मोठी उपलब्धी होती. वृक्षाच्या दृष्टीने मात्र ती आपत्ती ठरली. द्रव्य प्रामुख्याने खोडात व मुळांत साठत असल्याने ते मिळविण्यासाठी झाडच तोडावे लागते. परिणामी सह्याद्रीत नरक्याची अवैध तोड व तस्करी वाढली आणि अनेक ठिकाणी त्याची संख्या घटली.

समारोप :
औषधाचा इतिहास प्रयोगशाळेपुरता लिहिला, तर तो अपुरा राहतो. या इतिहासात नंदुरबारचा संशोधक आहे, गोरेगावची प्रयोगशाळा आहे. तसेच घाटमाथ्यावर तुटलेला वृक्षही आहे. हे द्रव्य निर्माण करणारी अंतर्वासी बुरशी जम्मू येथील संशोधकांनी 2005 साली नोंदविली. ऊतिसंवर्धन आणि नियोजित लागवड हेही पर्याय आहेत. रुग्णाचे हित व वनाचे हित परस्परविरोधी नाहीत; कारण वृक्ष नष्ट झाला, तर रेणूचा स्रोतही आटतो. म्हणूनच रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि इतिहास या विषयांच्या अध्यापकांनी हा विषय एकत्रितपणे अभ्यासणे अगत्याचे आहे.