अर्बुदांतर्गत प्रतिरक्षा कोशिका

कर्करोगाच्या अर्बुदात शिरलेल्या लसीका कोशिका, महाभक्षी कोशिका इत्यादी. अर्बुदातील श्वेत कोशिकांकडे जर्मन विकृतिवैज्ञानिक रूडोल्फ फिरखो यांनी १८६३ मध्ये लक्ष वेधले. स्टीव्हन रोझेनबर्ग यांनी १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत अर्बुदातील लसीका कोशिका शरीराबाहेर वाढवून रुग्णास परत दिल्या.

या सर्वच कोशिका उपकारक नसतात. मारक टी-कोशिका कर्ककोशिकांचा नाश करतात. नियामक टी-कोशिका व काही महाभक्षी कोशिका त्यांना आवर घालतात. शिवाय टी-कोशिकेवरील पीडी-१ हा ग्राही चेतवून कर्ककोशिका तिला निष्क्रिय करतात. हा ग्राही तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत सापडला (१९९२). होंजो व जेम्स ॲलिसन यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पीडी-१ रोधक प्रतिपिंडे हा अडसर दूर करतात. मात्र अर्बुदात टी-कोशिका मुळातच विरळ असल्यास गुण येण्याची शक्यता कमी असते.

महाराष्ट्रात तंबाखूसेवनामुळे मुखाचे कर्करोग विपुल आढळतात. परंतु ही प्रतिपिंडे अत्यंत महाग आहेत. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील चाचणीत (निष्कर्ष २०२२) डोके व मान यांच्या प्रगत कर्करोगाच्या १५१ रुग्णांपैकी एका गटास तोंडाने घ्यावयाच्या औषधांबरोबर निवोलुमॅब हे प्रतिपिंड दर तीन आठवड्यांनी अवघे २० मिग्रॅ. दिले. नेहमीची मात्रा दर दोन आठवड्यांस २४० मिग्रॅ. असते. एक वर्ष हयात राहणाऱ्यांचे प्रमाण या गटात सु. ४३ टक्के, तर प्रतिपिंड न दिलेल्या गटात सु. १६ टक्के आढळले. अल्प मात्रेनेही टी-कोशिका कार्यप्रवण होऊ शकतात, हे यावरून सूचित होते. सामान्य रुग्णास हा उपचार परवडण्याच्या दृष्टीने हे संशोधन महत्त्वाचे आहे.